अंगणातलं बटरफ्लाय वीड: एप्रिलमध्ये उकरू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे: "शिकागोजवळच्या नेपरव्हिलला घर घेऊन दोन वर्षं झाली. मोनार्क फुलपाखरांसाठी म्हणून गेल्या वर्षी जूनमध्ये बटरफ्लाय वीड या भगव्या फुलांच्या रानझाडाची तीन रोपं लावली. रोज पाणी घातलं, महिन्याला खत दिलं. उन्हाळाभर बरी होती. यंदा एप्रिल संपत आला तरी काहीच उगवलं नाही, म्हणून उकरून पाहिलं. दोन मुळं कुजलेली निघाली, तिसरं माझ्याच फावड्याने तुटलं. आता ऑक्टोबर आहे. बी पेरून पुन्हा करू का? आमची माती चिकट आहे. फुलं आली की त्यांवर पिवळा मावा भरतो, त्याचं काय करायचं? आणि पुढच्या अंगणात लावलं तर एचओए (वसाहतीतली घरमालकांची संघटना) तक्रार करेल का?"

आधी त्या तिसऱ्या मुळाबद्दल सांगते. ते बहुधा जिवंत होतं. एप्रिलच्या शेवटी ट्युलिप फुललेले असतात, गवत दोनदा कापून झालेलं असतं, पण बटरफ्लाय वीड तेव्हा गाढ झोपेत असतं. आमच्याकडे त्याचा पहिला कोंब मेच्या मध्यावर दिसतो, आणि वसंत थंड गेला तर आणखी आठवडाभर उशिरा. मीसुद्धा पहिल्या वर्षी हेच केलं होतं. मेलं समजून उकरलं, आणि आत पांढरं, कडक, रताळ्यासारखं जाड मूळ मधोमध तुटलेलं पाहून फार वाईट वाटलं होतं. तुमचं मूळ तुटलं ती जागा मात्र मोकळीच ठेवा, तिथे दुसरं काही लावू नका. खाली राहिलेल्या तुकड्यातून हे झाड कधी कधी पुन्हा फुटतं. मुळाच्या तुकड्यांपासून त्याची रोपंही करतात.

मी शिकागोच्या पश्चिमेला, तुमच्यापासून अर्ध्या तासावर राहते. अठरा वर्षं अंगणात इथलीच मूळची झाडं लावते आहे. शनिवारी सकाळी प्रेअरी, म्हणजे इथलं मूळचं गवताळ माळरान, पुन्हा उभी करायच्या कामाला स्वयंसेवक म्हणून जाते. तिथे तण काढायचं, बी गोळा करायचं, थंडीत घुसखोर झुडपं तोडायची. एवढ्या वर्षांत या एका झाडाबद्दल मला जे कळलं ते सगळं त्याच्या मुळाशी येऊन थांबतं. पाणी किती, खत किती, कुठे लावायचं, कधी हलवायचं, या साऱ्यांचं उत्तर तिथेच आहे.

आपल्याला झाड दिसतं ते मेच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे जेमतेम पाच महिने. उरलेले सात महिने ते फक्त मूळ असतं. प्रेअरी हे मुळात तसंच जग आहे. इथे वणवे लागायचे, बायसनचे कळप चरून जायचे, उन्हाळ्यात पाऊस दडी मारायचा, हिवाळ्यात जमीन दगडासारखी गोठायची. वर जे काही आहे ते कधीही जाणारच, म्हणून इथल्या झाडांनी आपली पुंजी जमिनीत ठेवली. बटरफ्लाय वीडचं सोटमूळ हातभर तर जातंच, जुन्या झाडाचं त्याहून बरंच खोल जातं. एकदा ते खाली पोचलं की झाडाला तुमच्या पाण्याची गरज उरत नाही. मग तुम्ही रोज पाणी घातलंत तर चिकणमातीत ते मुळाभोवती साचतं, हिवाळ्यात तिथेच गोठतं, आणि मूळ कुजतं. तुमची दोन रोपं थंडीने गेली नाहीत. ती ओलीने गेली.

त्यामुळे पाणी लावलेल्या पहिल्याच उन्हाळ्यात द्यायचं, तेही आठवड्यातून एकदा, खोलवर. दुसऱ्या वर्षापासून बंद. जुलैच्या उन्हात पानं थोडी मलूल दिसली तरी हात आवरा, संध्याकाळी ती सावरतात. खत मुळीच नको, कंपोस्टसुद्धा नको. खताने हे झाड उंच आणि लुसलुशीत होतं, फुलांच्या भाराने आडवं पडतं आणि मावा दुप्पट येतो. आपल्याकडे झाडाला शेणखत आणि पाणी घालणं म्हणजे माया, हे लहानपणापासून हाडीमांसी भिनलेलं असतं. मला ते सोडायला तीन उन्हाळे लागले.

आता मातीचं. इलिनॉयची काळी माती जगप्रसिद्ध आहे, आणि ती या प्रेअरीच्या मुळांनीच हजारो वर्षं घडवली. एके काळी या राज्यात सुमारे 2.2 कोटी एकर प्रेअरी होती. 1837 मध्ये जॉन डिअरने इथल्याच ग्रँड डिटूर गावात पोलादी नांगर बनवला, त्या चिकट मातीतून तो अडकल्याशिवाय चालू लागला, आणि पुढच्या काही दशकांत जवळजवळ सगळं उलथलं गेलं. चांगल्या अवस्थेतली मूळ प्रेअरी आता अडीच हजार एकरही उरलेली नाही, तीही रेल्वेच्या कडेला आणि जुन्या दफनभूमींत तुकड्यातुकड्यांनी. पण तुमच्या अंगणात ती काळी मातीही नसणार. नव्या वसाहती बांधताना वरचा थर खरवडून नेतात, खालची पिवळट चिकणमाती यंत्रांनी दाबली जाते आणि तिच्यावर चार बोटं माती टाकून गवताचा गालिचा अंथरतात.

म्हणून लावण्याआधी एक दिवस काढून निचरा बघा. फूटभर खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. सकाळी दुसऱ्यांदा भरलेलं पाणी संध्याकाळपर्यंत उतरलं नाही, तर त्या सपाट जागेत बटरफ्लाय वीड लावू नका. चिकणमातीत दोन पोती वाळू मिसळायचा मोहही टाळा, कारण थोड्या वाळूने ती सुटी होत नाही, उलट विटेसारखी घट्ट होते. त्याऐवजी उंचवटा करा. वीत-दीड वीत उंच, पसरट, कडेला उतार असलेला, निम्मी रेताड माती घातलेला वाफा पुरतो. मूळ पहिली दोन वर्षं कोरड्यात वाढलं की पुढे ते स्वतःच चिकणमातीत वाट काढतं. चिकणमाती सहन करणारा याच झाडाचा एक वाण काही स्थानिक नर्सऱ्यांत मिळतो, मिळाला तर तोच घ्या. जागेवर ऊन किमान सहा तास हवं, आठ असेल तर फारच छान. मेपलच्या सावलीत ते दोन-तीन वर्षं तग धरतं आणि मग एखाद्या मेमध्ये उगवतच नाही.

पाणी साचणारी जागा असेल तर तिथे याचंच भावंड, स्वॅम्प मिल्कवीड लावा (बटरफ्लाय वीडही एक मिल्कवीडच). गुलाबी फुलं, उंच बांधा, आणि पाय ओले असले की खूश. मोनार्कला ते अधिक आवडतंही, त्याबद्दल पुढे.

बियांपासून करा, असंच मी सांगेन. तुम्ही ऑक्टोबरमध्ये विचारलंत हे फार बरं झालं, कारण या बीला थंडी आणि ओल एकदम मिळाल्याशिवाय ते नीट उगवत नाही. ही त्याची स्वसंरक्षणाची व्यवस्था आहे: शेंग फुटून सप्टेंबरात बी जमिनीवर पडतं, ते लगेच उगवलं तर महिन्याभरात कडाक्याच्या थंडीत सापडेल. म्हणून आधी हिवाळा सोसल्याची खूण त्याला लागते. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यावर, जमीन गोठायच्या आधी, वाफ्यातच पेरणं. वरचं कडक गवत आणि तण काढून टाका, बी मातीवर टाका, अर्धा सेंटिमीटर मातीने झाका, तळव्याने दाबा आणि सोडून द्या. बाकीचं काम बर्फ करतो. खारी आणि पक्षी येत असतील तर वर जाळी ठेवा.

दुसरा मार्ग फ्रीजचा. त्यात जास्त रोपं हाती लागतात, कारण पाखरं आणि गोगलगायी यांत वाटेकरी नसतात. फेब्रुवारीच्या मध्यावर बी ओलसर वाळूत कालवून झिपच्या पिशवीत घालायचं आणि खालच्या कप्प्यात 30 दिवस ठेवायचं. ओल किती? मटकीला मोड आणताना फडकं पिळून घेतो ना, तितकीच. पिळल्यावर थेंब पडला तर जास्त झाली आणि बुरशी येणार. पिशवीवर तारीख घाला, नाहीतर घरातलं कोणीतरी ती पिशवी कचऱ्यात टाकतं. मार्चच्या मध्याला बी खोल कुंड्यांत पेरा. सहा-सात सेंटिमीटरच्या उथळ ट्रेमध्ये पेरू नका, तीन आठवड्यांत सोटमूळ तळाला टेकून वळू लागतं आणि ते वळण झाड जन्मभर वागवतं. बारा-तेरा सेंटिमीटर खोली हवी. घरातली ऊब आणि भरपूर प्रकाश मिळाला की दहा ते वीस दिवसांत उगवण होते. मेच्या शेवटी, रात्री दव गोठण्याची आणि थंडीची भीती गेल्यावर, मुळांभोवतीचा मातीचा गोळा न फोडता रोपं कायमच्या जागी लावा. कायमच्या म्हणजे खरोखर कायमच्या. पुढे हलवायची वेळ येणार नाही अशी जागा आधीच ठरवा.

पहिल्या वर्षी रोप वीतभरच राहील. तुम्हाला वाटेल काहीतरी चुकलं. काही चुकलेलं नसतं, ते खाली वाढत असतं. दुसऱ्या वर्षी एखादा तुरा येईल, तिसऱ्या वर्षी जूनच्या शेवटी असा भगवा फुटतो की रस्त्यावरून जाणारी माणसं थांबून विचारतात. पहिल्या हिवाळ्यात एक धोका असतो. जमीन गोठते, वितळते, पुन्हा गोठते, आणि या उचकीने कोवळं रोप मुळासकट वर ढकललं जातं. म्हणून जमीन पक्की गोठल्यानंतर, साधारण डिसेंबरात, ओकची सुकी पानं किंवा पेंढा चार बोटं घाला आणि एप्रिलमध्ये बाजूला करा. आधीच घातलंत तर खाली उंदीर घर करतात आणि ओलही अडकते. ससे कोवळे कोंब खातात. या झाडात इतर मिल्कवीडपेक्षा कडू विष कमी असतं, त्यामुळे पहिली दोन वर्षं भोवती कोंबड्यांच्या जाळीचा फूटभर उंच गोल लावावा लागतो.

तयार रोप घ्यायचं असेल तर लेबल वाचा. "अस्क्लेपियास ट्यूबरोझा" एवढे दोन शब्द हवेत. "बटरफ्लाय बुश" हे चीनकडचं वेगळंच झुडूप आहे. त्याच्या मधावर फुलपाखरं येतात, पण मोनार्कची अळी त्यावर जगत नाही. काही दुकानांत लाल-पिवळ्या फुलांचं अस्क्लेपियास क्युरासॅव्हिका मिळतं. तेच महाराष्ट्रात ओढ्याकाठी, कालव्याकाठी दिसणारं हळदीकुंकू. ते मूळचं अमेरिका खंडांच्या उष्ण भागातलं, आपल्याकडे बाहेरून आलेलं. शिकागोच्या थंडीत ते मरतं. दक्षिणेकडच्या राज्यांत मात्र ते हिवाळ्यातही हिरवं राहतं, पानांवर मोनार्कला पोखरणाऱ्या परजीवीचे कण साठत जातात, आणि म्हणून तिथले जाणकार ते लावू नका म्हणतात.

आणि नर्सरीत एक प्रश्न जरूर विचारा: या रोपावर निओनिकोटिनॉइड कीटकनाशक मारलं आहे का? हे औषध झाडाच्या अंगात भिनतं आणि पानापानांत, मधातसुद्धा उतरतं. एका वर्षी घाईत मी एका मोठ्या दुकानातून सहा टवटवीत रोपं आणली. आठवड्याने त्यांवर मोनार्कच्या अळ्या दिसल्या आणि मुलांना दाखवायला बोलावलं. दोन दिवसांनी सगळ्या अळ्या खाली लोंबत होत्या, काळवंडलेल्या. मुलांना काय सांगायचं ते मला सुचलं नाही. तेव्हापासून रोपं फक्त इथल्या मूळच्या झाडांच्या छोट्या नर्सऱ्यांतून किंवा वसंतातल्या स्थानिक रोपविक्रीतून घेते. आसपासच्या प्रेअरीतून उकरून आणायचा विचार मात्र करू नका. राखीव जागेतून झाड उपटणं बेकायदा आहेच, शिवाय सोटमूळ तुटल्यामुळे बरीचशी झाडं मरतात.

तुम्ही महाराष्ट्रात वाढला असाल तर या झाडाला तुम्ही आधीच ओळखता. शनिवारी मारुतीला ज्या पानांची माळ घालतो ती रुई याच्याच कुळातली. रुईचं बोंड फुटल्यावर उडणाऱ्या म्हाताऱ्या आपण पकडत फिरायचो, तशाच म्हाताऱ्या इथे सप्टेंबरात बटरफ्लाय वीडच्या निमुळत्या शेंगांतून उडतात. फरक एवढाच की रुईचं पान तोडलं की पांढरा चीक येतो आणि हे मिल्कवीड असूनही याचा रस पाण्यासारखा स्वच्छ असतो. रुईवर जी पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची अळी दिसते ती बिबळ्या कडव्याची. त्या फुलपाखराचं आणि मोनार्कचं कूळच नव्हे, प्रजातीही (जीनस) एक, दोघेही डॅनस. दोघांच्या अळ्या कडू पानं खातात, ते कडू अंगात साठवतात, आणि एकदा चव घेतलेला पक्षी पुन्हा त्यांच्या वाटेला जात नाही. कडवा हे मराठी नाव किती अचूक आहे ते मला इथे येऊन कळलं.

फुलाकडे एकदा भिंग घेऊन बघा. याच्यात सुटे परागकण नसतात. पराग मेणासारख्या पिवळ्या पिशव्यांच्या जोड्यांत बांधलेले असतात आणि त्या पिशव्या फुलावरच्या पाच फटींच्या तोंडाशी टांगलेल्या असतात. मधमाशी किंवा गांधीलमाशी मध पिताना पाय घसरून फटीत जातो, ओढून काढताना पिशव्यांची जोडी पायाला अडकते, आणि पुढच्या फुलाच्या फटीत ती नेमकी बसली तरच फळ धरतं. लहान कीटकांना कधी कधी पाय सोडवता येत नाही. म्हणूनच एका गुच्छात वीस-पंचवीस फुलं येऊनही शेंगा एक-दोनच लागतात. त्यात हे झाड स्वतःच्या परागाने फळत नाही, म्हणून शेंगा हव्या असतील तर वेगवेगळ्या बियांपासून झालेली किमान दोन, खरं तर चार-पाच झाडं जवळजवळ लावा.

पिवळा मावा म्हणजे कण्हेरीवर येतो तोच. जुलैत शेंड्यांवर गर्दी होते आणि बघवत नाही हे खरं, पण त्याने झाड मरत नाही. सकाळी पाण्याचा जोरदार फवारा मारा, त्याआधी पानांच्या खालच्या बाजूला मोनार्कची मोत्यासारखी अंडी नाहीत ना ते बघा. कडुनिंबाचं तेलही नको. आपल्याला ते निरुपद्रवी वाटतं, पण ते मावा आणि मोनार्कची अळी यांत भेद करत नाही. दोन आठवडे थांबलात तर लेडीबर्डच्या अळ्या येऊन मावा खाऊन टाकतात.

मोनार्कबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. नुसतं बटरफ्लाय वीड लावून भरपूर अळ्या मिळतील अशी अपेक्षा ठेवू नका. मादी त्यावर अंडी घालते, पण कॉमन मिल्कवीड आणि स्वॅम्प मिल्कवीड तिला जास्त पसंत असतं. बटरफ्लाय वीडचं खरं मोल त्याच्या मधात आहे. म्हणून मागच्या अंगणात स्वॅम्प मिल्कवीडची दोन-तीन झाडं अळ्यांसाठी आणि पुढे उन्हात बटरफ्लाय वीड, अशी जोडी करा. अंड्यापासून फुलपाखरापर्यंत साधारण महिना लागतो. ऑगस्टच्या शेवटी जन्मलेली पिढी लगेच अंडी घालत नाही, ती मेक्सिकोच्या मिचोआकान भागातल्या डोंगरांवर ओयामेल वृक्षांच्या रानात हिवाळा काढायला निघते. तिथे ती झाडांना लगडून बसतात, म्हणून त्यांची गणती संख्येत न करता व्यापलेल्या रानावरून करतात. 1996-97 च्या हिवाळ्यात ते रान 18 हेक्टर होतं, 2023-24 मध्ये एक हेक्टरही नव्हतं. पुढच्या हिवाळ्यात ते 1.79 हेक्टर झालं तेव्हा आमच्या शनिवारच्या गटात लोकांनी एकमेकांना मिठ्या मारल्या.

मूळ औषधी आहे असं तुम्ही कुठेतरी वाचाल. इथल्या मूळनिवासी लोकांनी ते छातीच्या विकारांवर वापरलं, त्यावरून त्याला "प्लूरसी रूट" असंही नाव पडलं. घरी काढा करून बघू नका. या कुळातली द्रव्यं थेट हृदयावर परिणाम करतात. रस डोळ्यांत जाऊ देऊ नका, काम झाल्यावर हात धुवा.

एचओएची काळजी रास्त आहे, पण आता बाजू तुमची भक्कम आहे. इलिनॉयने 2017 मध्ये मिल्कवीडला राज्याचं रानफूल म्हणून मान दिला, आणि 2024 मध्ये कायदा केला की घरमालकाने राज्यातली मूळची झाडं लावण्यावर एचओएला सरसकट बंदी घालता येणार नाही. वाफा मात्र तण आणि कचऱ्यापासून स्वच्छ ठेवलेला हवा. कायद्याचा कागद काढायची वेळच येऊ नये यासाठी वाफ्याला विटांची नीट कड द्या, रस्त्याकडेला बुटकं ठेवा, आणि "वीड" हा शब्द शेजाऱ्यांशी बोलताना टाळून नुसतं "मोनार्कचा वाफा" म्हणा. बटरफ्लाय वीड गुडघाभरच वाढतं, त्यामुळे ते पुढच्या अंगणाला शोभतं. सोबत लिटल ब्लूस्टेम किंवा प्रेअरी ड्रॉपसीड हे गवत लावा. ते झाडाला आधार देतं आणि उघडी माती झाकतं. ड्रॉपसीड ऑगस्टमध्ये फुलतं तेव्हा अंगणात कोथिंबिरीसारखा वास येतो, आणि मला दरवेळी आईच्या स्वयंपाकघराची आठवण होते.

या आठवड्यात करायचं काम एवढंच: निचरा बघा, जागा ठरवा, बी मागवा. उंचवटा नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत होऊ द्या म्हणजे माती बसेल, मग मध्यावर पेरा. पुढे झाडं मोठी झाली की ऑक्टोबरात सुकलेल्या काड्या कापू नका. त्या वीतभर तरी उभ्या राहिल्या तर एप्रिलमध्ये झाड कुठे आहे ते दिसतं. आणि तुटलेल्या मुळाच्या जागी आजच एक काठी रोवून ठेवा. पुढच्या मेच्या शेवटच्या आठवड्यात तिथे वाकून बघा, जांभळट, लव असलेला, बोटाएवढा कोंब दिसतो का ते.